ताप ओळखणारी बाई

तायडे सिस्टरनं मला शपथ घातली तेव्हा मी औषधांच्या कपाटापाशी उभी राहून काचेची अँप्युल फोडत होते. शपथ घालायची ही काही वेळ नव्हे, पण त्या बाईला वेळकाळ कधी कळलाच नाही. "माह्या गयाची आन हाये तुले," त्या म्हणाल्या, "मेट्रनच्या कानावर गेलं तं पाय मंग." आणि मी, नोकरीला लागून तीन आठवडे झालेली, अमरावतीहून अकोल्याला आलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी पोरगी, "नाही सांगणार" म्हणून मोकळी झाले. ती शपथ मी दीड वर्ष पाळली आणि मग मोडली. बरं केलं की वाईट, हे मला आजवर पुष्कळांनी समजावून सांगितलं आहे, आणि दर वेळी माझं डोकं फिरलं आहे.

अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यातला कॅन्सरचा वॉर्ड. कापसानं सगळ्या वऱ्हाडाला रडवलं ती वर्षं. तायडे सिस्टर त्या वॉर्डाच्या इन्चार्ज. बाई मूळच्या हिवरखेडकडच्या, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. रोज सकाळी सगळ्या अँप्युल्स माझ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "फोड." मला वाटायचं, मोठेपणा मिरवून राहिली म्हातारी. मग एका सकाळी पाहिलं तर त्यांना स्वतःच्या पेनाचं टोपण काढता येत नव्हतं. बोटं काठीसारखी ताठ झाली होती. पेन बाजूला ठेवून त्यांनी पर्समधून दोन गोळ्या काढल्या आणि पाण्याशिवाय गिळल्या. त्या गोळ्या मी ओळखल्या. मी तिथंच विचारलं, "सिस्टर, तुम्ही स्टिरॉइड काहून घेता?"

तेव्हा त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं. आजाराचं नाव ल्यूपस. पुस्तकात मी त्यावर चार पानं वाचली होती. त्यांनी ती चार वाक्यांत संपवली. "माह्या घरचा कुत्रा मलेच चावते. सांध्याले चावते, मूत्रपिंडाले चावते. म्हनून त्याले गोया देऊन झोपवून ठेवा लागते. अन् कुत्रा झोपला का चोराले रान मोकयं."

कुत्रा म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती, चोर म्हणजे जंतू. आणि ही बाई दिवसाचे आठ तास जंतूंच्या घरात उभी. मेट्रनला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी लिनन स्टोअरला झाली असती, तेही त्यांच्याच भल्यासाठी. "तिथं चादरीच्या घड्या घालत बसू का मी?" त्या म्हणाल्या. "हा वॉर्ड मी उभा केला वं. इथं पयले हात धुवाले नळ नोता." त्यांना या वॉर्डातून कोणी हलवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि इथं राहिल्या तर एक दिवस इथलाच एखादा जंतू त्यांना घेऊन जाईल, एवढंच माझं भय होतं. आम्ही दोघी या दोन गोष्टींच्या मधे दीड वर्ष वावरलो.

बाकी बाई अशी की दहा वेळा वाटावं, हिच्या तोंडी लागू नये. नर्सला नावानं हाक मारणार नाहीत. मी 'अमरावती'. नुसरत नावाची एक हसरी पोरगी होती, ती 'अचलपूर'. पेशंटला मात्र नावानंच. बेड नंबर तीन म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा मी म्हणाले, "तीन नंबरला उलटी झाली." त्या म्हणाल्या, "नंबराले उलटी होत नाई. कोनाले झाली थे सांग." पेशंटला हात लावायच्या आधी आम्ही हात धुतले की नाही, हे त्या विचारायच्या नाहीत. आमचा हात ओढून हुंगायच्या. साबणाचा वास आला नाही तर काही न बोलता नळाकडे बोट. मला त्याचा इतका राग यायचा की एकदा मी मुद्दाम हात नाकासमोर धरला आणि म्हणाले, "घ्या, वास घ्या." त्यांनी खरंच घेतला आणि म्हणाल्या, "नखाखालून नाई धुतले."

पण ज्ञान! डॉक्टर होऊन आलेली नवी पोरं राउंडच्या आधी हळूच त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. किमोनंतर आठ-दहा दिवसांनी माणसाच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा साधा जंतूसुद्धा जीव घेतो, हे आम्हाला पाठ होतं. त्याचा अर्थ त्यांनी शिकवला. एकदा सलाईनच्या सुईपाशी नुसती लाली होती. मी म्हटलं, "पू नाही, म्हणजे काही विशेष नाही." त्या माझ्यावर अशा डाफरल्या की बाजूच्या बेडवरची आजी उठून बसली. "पू कशाचा होते? पांढऱ्या पेशीचाच होते ना वं? हिच्याजवय पेशीच नाई तं पू कोठून आनू? पू दिसला असता तं मी पेढे वाटले असते." त्याच दिवशी ती सुई काढली, हात बदलला. त्या रागावल्या की आम्हाला काही ना काही कळायचं, म्हणून मी मार खाल्ल्यासारखं तोंड करून ऐकत राहायची.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वंदना वॉर्डात भरती झाली. अठ्ठावीसची, रक्ताचा कॅन्सर, दोन लहान लेकरं गावी. तीही हिवरखेडची, म्हणून सिस्टरनं तिचे जास्त लाड केले असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. जास्त ओरडल्या. भरती व्हायच्या आधी दोन वेळा तिचा किमो पुढं ढकलला होता, दोन्ही वेळा तापामुळं. तिचा नवरा तेवढ्यासाठी एसटीनं आला आणि हात हलवत परत गेला. आता पेरणी तोंडावर आली होती आणि तो एकटा होता.

अकोल्याचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. कूलर गरम हवा फेकतो. बाया लुगड्याचा पदर पाण्यात भिजवून अंगावर घेतात. त्या दुपारी वॉर्डातली सगळी माणसं अशीच ओली होऊन पडली होती, आणि वंदना एकटी हनुवटीपर्यंत चादर ओढून. मी थर्मामीटर लावलं. नॉर्मल. लिहायला घेतलं तर मागून आवाज आला, "थांब."

सिस्टर वंदनाच्या उशाशी बसल्या. मानेवरून हात फिरवला. मान घामानं निथळत होती.

"रात्री गोधडी घेतली का वं?"

वंदना चादरीचं टोक चाचपत राहिली.

"घेतली का?"

"थोडीशी," ती म्हणाली. "पायावर."

सिस्टरनं उशी उचलली. खाली तापाच्या गोळ्यांची पट्टी, चार गोळ्या कमी. नवरा दारातच उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलं. तो म्हणाला, "ताप निघाला का साहेब किमोची सुई टायते ना. म्हनून मीच देल्या. राउंडच्या अर्धा घंटा पयले."

मी त्याच्यावर धावूनच जाणार होते. हे आमच्याकडे नेहमीचं होतं. दूरवरून आलेली माणसं ताप लपवायची, कारण त्यांच्या दृष्टीनं ताप म्हणजे घरी परत. जणू काही ताप हा आजार नव्हताच, दवाखान्याचा नियम होता. सिस्टरनं त्याला बाजूला सारलं. त्या धावत सुटल्या. त्या वयात, त्या सांध्यांनी. रक्त तपासणीला काढलं, साहेबांना, म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना, बोलावलं. साहेब म्हणाले, "टेम्परेचर तर नॉर्मल आहे, सिस्टर. संध्याकाळपर्यंत बघू." सिस्टर म्हणाल्या, "ताप गोयीखाली दबून बसला हाये सर. संध्याकायपर्यंत थो थांबन, बाई नाई थांबनार." आणि अँटिबायोटिकची बाटली त्यांच्यापुढं धरून उभ्या राहिल्या. साहेबांनी सही केली. पहिला डोस मी चालू केला, अँप्युल फोडताना माझं बोट कापलं तेही मला नंतर कळलं.

दोन तासांत गोळीचा असर उतरला. ताप एकशे तीन, थंडी, बीपी खाली. संध्याकाळपर्यंत सिस्टर, नुसरत आणि मी, आम्ही तिघी त्या बेडपाशी होतो. सहाला बीपी सावरलं. तेव्हा कुठं सिस्टर नवऱ्याकडे वळल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "सुई टयली तं आठ दिवस जाते. ताप लपवला तं बाई जाते. मले शिव्या दे, पन ताप सांगत जाय." तो माणूस भिंतीला टेकून रडला. मलाही रडू आलं, पण मी ते कापलेल्या बोटावर ढकललं.

त्यानंतर हिवरखेडहून भेटायला टेम्पो आला. आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे आमच्याकडे वैर. तीस माणसं, शेजारपाजार, सासूच्या हातात पुडीत अंगारा. तो सुनेच्या जिभेवर ठेवायचाच, असं म्हातारी ठरवून आलेली. मी दारातच हात आडवे केले आणि भांडण सुरू झालं. सिस्टर आल्या, म्हातारीच्या पाया पडल्या. पाया पडून झाल्यावर म्हणाल्या, "आजी, अंगारा बंद पुडीत असाच तिच्या उशाशी लटकवते. जिभेवर ठेवला तं एका दिवसात संपन. उशाशी राहिला तं रोज काम करन." मग सगळ्यांना बाहेरच्या बाजूनं खिडकीपाशी नेलं. बंद काचेतून एकेकानं वंदनाला हात जोडले, वंदनानं आतून जोडले. अर्धा तास चाललं ते. जाताना म्हातारी मला म्हणाली, "ही मोठी बाई चांगली हाये. तू लई भांडखोर हायेस." खरंच होतं ते.

आता जे सांगायचं ते मी एवढा वेळ टाळत होते.

पावसाळ्यात दवाखाना फुटायला आला. बाजूच्या वॉर्डात फवारणीचं औषध प्यालेले, तापाचे, न्यूमोनियाचे, खाटांच्या मधल्या जागेत गाद्या. वरून हुकूम आला, कॅन्सर वॉर्डाच्या व्हरांड्यात तीन गाद्या टाका. सिस्टर दोन दिवस भांडल्या, साहेबांशी, मेट्रनशी, ज्याच्या त्याच्याशी. हरल्या. गाद्या पडल्या. त्यातला एक माणूस वलगावकडचा, विष प्यालेला, त्यातून वाचलेला. पण त्याला खोकला होता. बायको म्हणाली, दिवाळीपासूनचा आहे.

सिस्टरनं तो खोकला एकदा ऐकला आणि आम्हाला ड्युटी रूममध्ये बोलावलं. "आजपासून त्याच्याजवय मीच जाईन. तुमी दोघी नाई. त्याले लागलेला हात वंदनाले लागला नाई पायजे."

नुसरतला काही माहीत नव्हतं, ती "बरं" म्हणाली. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "सिस्टर, मी जाते त्याच्याजवळ. तुम्ही वंदनाचं पाहा. तुमचा कुत्रा झोपलेला आहे, विसरल्या का?"

"तुले अजून नखाखालून धुता येत नाई," त्या म्हणाल्या. "जाय, काम कर."

ही त्यांची चूक. मी हे स्पष्ट लिहिते, कारण लोक त्याला त्याग म्हणतात आणि मला ते ऐकवत नाही. त्या दिवशी साहेबांना एक शब्द सांगितला असता तर तरणीताठी, धडधाकट नुसरत तोंडाला फडकं बांधून त्या माणसाजवळ गेली असती, आणि वंदनाकडे मी. पण तो शब्द सांगायचा म्हणजे आजार सांगायचा, आणि आजार सांगायचा म्हणजे वॉर्ड सोडायचा. आणि चूक माझीही. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले, कारण शपथ. बारा दिवस त्या त्याला पाणी पाजत, थुंकीचं भांडं उचलत राहिल्या. मग बेडक्याचा रिपोर्ट आला. टीबी. त्याला दुसरीकडे हलवलं, व्हरांडा फिनाईलनं धुतला. सिस्टर म्हणाल्या, "चला, गेला."

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी एका दुपारी मी त्यांना स्वेटरमध्ये पाहिलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आणि ही बाई स्वेटरमध्ये. डबा तसाच परत जात होता. साडीच्या निऱ्या सैल झाल्या होत्या. मी मागून गेले आणि सरळ मानेवर हात ठेवला. मान ओली होती.

"रात्री गोधडी घेतली का सिस्टर?"

त्यांनी माझा हात झटकला. त्यांच्या एप्रनच्या खिशातून मी पट्टी काढली, तीच तापाची गोळी, पाच कमी. अठरा वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांच्या उश्या उचकल्या, तिच्या खिशात ती पट्टी! मला इतका संताप आला की मी ती पट्टी त्यांच्या तोंडासमोर धरली.

"वंदनाचा शेवटचा किमो होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. "सोमवारी हाये. सोमवार झाला का मीच सांगते साहेबाले. तुले आन हाये."

मी एक दिवस थांबले. हो, थांबले, ते मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या आधी वंदनाच्या गळ्याखाली बसवलेल्या सलाईनच्या नळीवरचा बोळा बदलताना त्यांना उबळ आली. त्यांनी तोंड फिरवलं, कोपर आडवं धरलं, सगळं बरोबर केलं. पण खोकला कोरडा नव्हता. वंदना त्यांच्याकडे बघून हसत होती. तिच्या पेशी पुन्हा खाली आल्या होत्या, तिला वाचवायला घरात कोणी जागं नव्हतं, आणि चोर जिच्या अंगात शिरला होता ती तिची सगळ्यांत लाडकी सिस्टर होती. मी हातातला ट्रे तिथंच खाली ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेले. दार न वाजवता.

पाच मिनिटांत सांगून झालं. अर्ध्या तासात एक्स-रे झाला. फुफ्फुसाच्या वरच्या भागात पांढरा डाग, माझ्या मुठीएवढा. स्टिरॉइडमुळं ताप अंगात पुरता चढतच नव्हता, म्हणून त्यांनाही वाटलं, एवढंसं तर आहे. साहेब म्हणाले, अजून महिनाभर गेला असता तर हातचं गेलं असतं. वंदनाचीही तपासणी केली, खबरदारीची औषधं दिली, तिचा शेवटचा किमो लांबला. पण तिला काही झालं नाही. डिसेंबरात ती घरी गेली. पुढचं मला ठाऊक नाही आणि उगाच चांगलं झालं म्हणून लिहिणार नाही.

सिस्टरला तिसऱ्या मजल्यावर वेगळ्या खोलीत ठेवलं. मी भेटायला गेले, तोंडाला बांधून, दारातच उभी राहिले. त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, मी..." त्या म्हणाल्या, "आन मोडली तुनं." एवढंच. मी आणखी पाच मिनिटं उभी राहिले. त्या वळल्या नाहीत.

औषधं लागू पडली. आठ महिन्यांनी त्या कामावर आल्या, लिनन स्टोअरला. ज्याला त्या भीत होत्या तेच झालं, आणि ते माझ्या हातून झालं. चादरी आणायला मी गेले की त्या घडी पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, सिस्टर." बाकी सगळ्या गावांच्या नावानं, मीच तेवढी सिस्टर. नुसरत म्हणायची, "जाने दो ना, भूल जायेंगी." त्या काही विसरल्या नाहीत. रिटायर होईपर्यंत तेच चाललं. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी प्रत्येकीला जवळ घेतलं. मला दोन्ही हात जोडले. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले, मग तोंड धुऊन कामाला लागले, दुसरं काय करणार.

शेवटचं पाहिलं ते अमरावतीच्या बसस्टँडवर. सुट्टीत माहेरी आले होते. परतवाड्याच्या गाडीपाशी छत्री धरून एक ठेंगणी बाई, नाकातोंडावर पांढरा रुमाल घट्ट बांधलेला. मी गर्दीतून घुसत गेले आणि पाया पडायला वाकले.

"लांबूनच!" त्या ओरडल्या. दोन पावलं मागं सरकल्या, छत्री मधे धरली. "वॉर्डातून आली ना तू? लांबूनच राय. मी पेशंट हावो."

त्यांनी स्वतःसाठी तो शब्द वापरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, मधून माणसं, पिशव्या, उसाचा रस विकणारा. मी वेड्यासारखं विचारलं, "सिस्टर, अजून राग आहे का माझ्यावर?"

"हाये तं," त्या म्हणाल्या. "लई राग हाये. मरेपर्यंत जानार नाई." कंडक्टरनं घंटी मारली. त्या पायरीवर चढल्या, वळल्या, रुमालाच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि ते भरले होते. "पन राग कराले जित्ती तं राह्यली ना मी. तुनं सांगतलं म्हनून राह्यली."

गाडी हलली. त्यांनी खिडकीची काच लावून घेतली आणि आतून मला हात जोडले.